तापलेल्या पाण्यात आखूड झालेले मासे : किम्बे उपसागर, २०२३

मासा वाढतो, वाढायचा थांबतो, रोडावतो. पण त्याची लांबी कमी होत नाही, असंच मासे पाळणारे आणि मासे अभ्यासणारे दोघंही धरून चालत आले. रोडावणं म्हणजे पोट खपाटीला जाणं, पाठीवरचं मांस झडणं. तोंडापासून शेपटीपर्यंतचं अंतर हाडांनी ठरवलेलं, ते कसं घटेल? २०२३ साली पापुआ न्यू गिनीतल्या किम्बे उपसागरात क्लाऊनफिशनी या समजुतीला छेद दिला. समुद्राचं पाणी तापलं तसे यातले बहुतेक मासे लांबीने आखूड झाले. शिवाय जे आखूड झाले, त्यांच्या तगण्याची शक्यता वाढली.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या मेलिसा व्हर्स्टीग, थेरेसा रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं आणि मे २०२५ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात मांडलं. शोभिवंत माशांवरच्या उष्णतेच्या ताणाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक दोनच टोकांचं. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतोय, आणि मासा मेला. या दोन टोकांच्या मध्ये माशाचं शरीर काय काय करून पाहतं, ते या एका प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित दिसतं. म्हणून ते तपशिलात मांडतो आहे.

किम्बे उपसागर न्यू ब्रिटन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम पाच-सहा अंशांवर. इथे पाणी बारा महिने कोमट, आणि वर्षभरात त्यात फरक पडतो तो थोडक्या अंशांचा. आपल्याला वाटतं की अशा ठिकाणच्या माशांना उष्णतेची सवय असेल. वस्तुस्थिती उलट आहे. विषुववृत्ताजवळचे मासे त्यांच्या सहनशक्तीच्या वरच्या काठाशी आधीच राहत असतात. ज्या माशाच्या पिढ्यान्‌पिढ्या एका अरुंद तापमानपट्ट्यात गेल्या, त्याला वरचा एक-दोन अंशही जड जातो. थंडी आणि उन्हाळा दोन्ही पाहिलेल्या तळ्यातल्या माशाला तेवढा जात नाही.

मासा होता 'अॅम्फिप्रियॉन पर्क्युला'. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. आपल्याकडे दुकानात क्लाऊनफिश म्हणून जो मिळतो तो बहुधा याचा सख्खा भाऊ, 'ऑसेलारिस'; तो आपल्या अंदमानातही सापडतो. दोघांची राहणी जवळपास सारखीच आहे, आणि या प्रकरणाचा अर्धा अर्थ त्या राहणीतच आहे.

क्लाऊनफिश समुद्रफुलात (सी अॅनिमोनी, फुलासारखा दिसणारा पण प्राणीच) राहतो. समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या सोंडांमध्ये त्याला आसरा मिळतो आणि एकदा तिथे स्थिरावला की तो मासा सहसा त्या फुलापासून लांब जात नाही. एका फुलात एक छोटं कुटुंब असतं. सगळ्यात मोठी ती मादी. तिच्याखालोखाल तिचा नर. त्यांच्याखाली अजून वयात न आलेले काही लहान मासे, तेही आकाराप्रमाणे रांगेत. सगळे मासे जन्मतः नर होऊ शकणारे. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नर होतो. खालच्या माशाने वरच्याच्या आकाराला गाठायचं नाही, हा इथला नियम. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतच केलेल्या आणि २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात हे दाखवलं होतं की खालचे मासे आपली वाढ स्वतःच आवरून धरतात. वरच्याशी अंतर कमी झालं तर मारामारी, आणि मारामारी म्हणजे फुलाबाहेर हकालपट्टी. फुलाबाहेर हकालपट्टी म्हणजे बहुधा मृत्यू.

म्हणजे या माशाच्या आयुष्यात लांबी ही नुसती लांबी नाही. तीच त्याचा हुद्दा, तीच त्याचं नातं. आणि पाणी तापलं तर थंड पाण्याकडे निघून जाणं त्याला शक्य नाही. खोल समुद्रात फिरणारा मासा दोनशे फूट खाली जाईल. क्लाऊनफिश आपल्या फुलापाशीच राहणार. काचेच्या टाकीतल्या माशाची जी अडचण, ती याच्या नशिबी समुद्रातही आहे. घरी मासे पाळणाऱ्यांनी या प्रकरणाकडे बघण्याचं मला सापडलेलं सगळ्यात सबळ कारण हेच.

फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२३ या काळात संशोधकांनी १३४ क्लाऊनफिशवर लक्ष ठेवलं. प्रत्येक माशाची लांबी दर महिन्याला मोजली, आणि पाण्याचं तापमान दर चार ते सहा दिवसांनी नोंदवलं. मोजायचा मासा कोणता, हे ओळखायची सोय निसर्गानेच केलेली आहे: प्रत्येकाच्या पट्ट्यांची घडण थोडी वेगळी असते. ठिकाणही पक्कं, कारण मासा फूल सोडत नाही. समुद्रातल्या एखाद्या माशाला महिन्या-महिन्याने पुन्हा गाठून मोजणं एरवी जवळजवळ अशक्य. तेव्हा अशी घट इतर जातींत होतच नसेल असं म्हणता येत नाही. ती पाहण्याची संधी या जातीत मिळाली, इतकंच.

याच काळात तिथे सागरी उष्णतेची लाट आली. २०२३ पासून सुरू झालेलं प्रवाळांचं चौथं जागतिक विरंजन, म्हणजे उष्णतेने रंग जाऊन पांढरं पडणं, अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्र-हवामान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. किम्बेचं तापणं त्याच मोठ्या घटनेचा भाग होतं.

पहिल्या काही मोजण्यांतच मासे आखूड भरायला लागले. कोणालाही आधी मापाचीच शंका येईल. संशोधकांनाही आश्चर्य वाटलं, आणि खात्री करण्यासाठी ते पाच महिने तेच मासे पुन्हा पुन्हा मोजत राहिले. शेवटी दिसलं ते असं: १३४ पैकी सुमारे तीन चतुर्थांश मासे निदान एकदा तरी आखूड झाले होते. घट काही मिलिमीटरची. आकडा किरकोळ वाटेल, पण मूळ मासाच बोटभर लांबीचा. त्यात काही मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झालं. मापाची चूक असती तर ती दोन्ही बाजूंना सारखी पडली असती, कधी जास्त, कधी कमी. ती पाण्याच्या तापमानाशी, माशाच्या हुद्द्याशी आणि जोडीदाराच्या आकाराशी जोडलेली दिसली नसती. माझ्या मते हा पुरावा सगळ्यात भक्कम आहे.

आता मुख्य निष्कर्ष. आखूड झालेल्या माशांची उष्णतेच्या लाटेत तगण्याची शक्यता ७८ टक्क्यांपर्यंत वाढलेली आढळली. आणि जोडीतले दोघेही आखूड झाले तर दोघांच्याही तगण्याची शक्यता अधिक.

पहिल्या भागाचं स्पष्टीकरण शरीरशास्त्रातून येतं. माशाच्या अंगाचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान. पाणी तापलं की त्याच्या पेशींमधल्या सगळ्या रासायनिक क्रिया वेग घेतात. ढोबळ हिशेब असा की दहा अंशांनी चयापचय दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त होतो. म्हणजे बसल्या जागी, काहीही न करता, माशाला जास्त प्राणवायू आणि जास्त अन्न लागतं. त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला दर लिटरमागे जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो सव्वासहाच्या जवळ येतो. गरज वर चढते आणि पुरवठा खाली उतरतो. कल्ले भराभर हलायला लागतात ते यामुळे, आणि ते हलवायलाही ऊर्जा लागतेच. लहान शरीराची एकूण गरज कमी असते. कमी अन्न पुरतं, कमी प्राणवायू पुरतो. आखूड होणं म्हणजे, महागाईत घरखर्च कापावा तसा, शरीराने स्वतःचाच खर्च कापणं.

तापलेल्या माशाच्या शरीरात याशिवायही बरंच घडत असतं. मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. साठवलेली साखर रक्तात उतरते आणि तातडीची ऊर्जा मिळते. पेशींमधली प्रथिनं उष्णतेने विस्कटायला लागली की त्यांना पुन्हा घडी घालणारी 'हीट शॉक' प्रथिनं तयार होतात. हे काही तास, काही दिवस चाललं तर फायद्याचं. आठवडे चाललं तर कॉर्टिसॉल रोगप्रतिकारशक्ती दाबतो, वाढ अडवतो, प्रजननाची संप्रेरकं खाली आणतो. अनेक घरी मासे मरतात ते उष्णतेने थेट नव्हे, तर उष्णतेनंतर दहा-पंधरा दिवसांनी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने किंवा बुरशीने, आणि तोवर उन्हाचा तो आठवडा विसरलेला असतो.

पण लांबी कमी होते ती नेमकी कशी? हाड विरघळतं का? किम्बेच्या माशांबाबत ही यंत्रणा अजून उलगडलेली नाही. प्राणिजगतात याला जोड मात्र आहे. गालापागोस बेटांवरच्या सागरी इग्वाना सरड्यांची लांबी एल निनोच्या उपासमारीच्या काळात वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचं २००० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही जे जास्त आखडले ते जास्त तगले, आणि हाडातला भाग शोषला जात असावा असं मानलं गेलं. पाठीचा कणा असलेला प्राणी उलटा वाढू शकतो, याला किम्बेच्या आधीचा पुरावा हाच ठळक.

दुसरा भाग, जोडीचा, मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्याकडे लक्ष फार कमी जातं. आखूड होणं फक्त पाण्यावर अवलंबून नव्हतं. माशाचा हुद्दा काय आणि जोडीदाराच्या तुलनेत त्याचा आकार किती, यावरही ते ठरत होतं. विचार करून बघा. नर आहे तेवढाच राहिला आणि मादी आखूड झाली, तर दोघांतलं अंतर मिटतं. नराच्या दृष्टीने ती आव्हान देण्याजोगी होते, तिच्या दृष्टीने तो धोका होतो. उष्णतेने आधीच दमलेल्या दोन माशांमध्ये भांडण जुंपतं. दोघेही बरोबरीने आखूड झाले तर रांग जशीच्या तशी राहते, फक्त सगळी रांग थोडी खाली सरकते. उष्णतेचा ताण आणि नात्याचा ताण हे दोन वेगळे विषय म्हणून आपण शिकतो. या माशाच्या शरीरात त्या दोहोंचा हिशेब एकत्रच होतो.

तरी आखूड होणं म्हणजे सगळं ठीक झालं, असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. या जातीत मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. म्हणजे तगण्याची किंमत पुढच्या पिढीच्या खात्यातून जाते. जगभरातल्या माशांचा सरासरी आकार तापत्या पाण्यात घटतो आहे, हे अनेक वर्षं नोंदवलं जातंय. त्याचं कारण लहान वयात पकडले जाणं किंवा पिढ्यांगणिक होणारा बदल असं मानलं जाई. जिवंत मासाच आखूड होत असेल तर त्या घटीचा काही वाटा इथून येत असावा, अशी शक्यता संशोधकांनी मांडली आहे.

अंड्यांचं काय होतं, हे बघायला पॅसिफिकमधलंच दुसरं बेट उपयोगी पडतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेया इथे २०१५-१६ च्या एल निनोत समुद्रफुलं पांढरी पडली. फुलाच्या ऊतींमध्ये राहणारे सूक्ष्म शैवाल उष्णतेत बाहेर टाकले गेले की फुलाचा रंग जातो आणि त्याचं पोषणही घटतं. तिथल्या केशरी पंखांच्या क्लाऊनफिशचा पाठपुरावा चालू होताच. विरंजन झालेल्या फुलांतल्या जोड्यांमध्ये कॉर्टिसॉल वाढला, लैंगिक संप्रेरकं घटली आणि अंडी ७३ टक्क्यांनी कमी झाली. शेजारच्याच, रंग टिकून राहिलेल्या फुलांतल्या जोड्यांमध्ये तसं झालं नाही. पाणी दोघांनाही सारखंच तापलेलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवलं की माशाला लागलेला ताण थेट उष्णतेपेक्षा त्याच्या आसऱ्याच्या आजारपणातून आला होता. फुलं सावरली तसे काही महिन्यांत मासेही सावरले.

किम्बे आणि मूरेया एकमेकांशेजारी ठेवले की एक गोष्ट फार स्पष्ट होते. तापलेल्या पाण्यात मासा एकटा नसतो. तो जोडीदारासोबत, आसऱ्यासोबत, रांगेसोबत तापत असतो. आणि सावरायला त्याला महिने लागतात. काळजीची बाब ही की सागरी उष्णतेच्या लाटा आता लवकर लवकर येत आहेत. चौथ्या विरंजनाच्या काळात जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन होईल इतकी उष्णता सोसावी लागली, असं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं गेलं. एकदा आखूड होऊन तगलेला मासा पुन्हा भरायच्या आत पुढची लाट आली तर तो अजून किती आखडणार?

हे सगळं आपल्याशी जोडलेलं आहे. क्लाऊनफिश हा समुद्री शोभिवंत माशांच्या बाजारातल्या सगळ्यात लोकप्रिय माशांपैकी एक. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्याचं टाकीतलं प्रजनन साध्य केलं, आणि महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानच्या पुढाकाराने ऐरोलीत समुद्री शोभिवंत माशांची उबवणी सुरू झाली. टाकीत जन्मलेला क्लाऊनफिश मिळत असेल तर समुद्रातून पकडलेला घेऊ नये, हे मी ठामपणे म्हणेन. ज्या वसाहती उष्णतेने आधीच मागे रेटल्या जात आहेत, त्यातून जोड्या काढून घेणं आता परवडणारं नाही.

घरातल्या टाकीबद्दल किम्बेचं प्रकरण जे सुचवतं, ते नेहमीच्या सल्ल्याहून थोडं वेगळं आहे. क्लाऊनफिशच्या टाकीचं पाणी २४ ते २७ अंशांमध्ये ठेवा, हे सगळे सांगतात. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) ते जमत नाही, कारण टाकीतले दिवे आणि पंपही पाणी तापवतात. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने गारवा येतो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत तो चांगला येतो, कोकणाच्या दमट हवेत कमी. बाष्पीभवनात पाणी जातं, मीठ जात नाही, तेव्हा भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. वीज गेली तर आधी बॅटरीवरचा एअर पंप चालू करा, गारव्याचं नंतर बघा. प्राणवायूची टंचाई उष्णतेआधी जीव घेते. बर्फाच्या बाटल्या घालून पाणी एकदम पाच अंश खाली आणणं हा माशावर दुसरा हल्ला असतो. उतार हळूहळू हवा, तासाला अर्धा-एक अंश. त्या दिवसांत खाणं कमी करा: पचनालाही प्राणवायू लागतो, आणि तापलेल्या पाण्यात उरलेल्या अन्नाचा अमोनिया अधिक विषारी ठरतो.

तापमानाच्या नोंदीसोबत माशाच्या लांबीची नोंद ठेवा, ही माझी विनंती. मासा पकडून मोजायची गरज नाही, त्याने ताणच वाढेल. टाकीच्या काचेवर आतल्या बाजूने पट्टी चिकटवा आणि मासा काचेजवळ आला की समोरून फोटो काढा. महिन्यातून एकदा पुरे. पहाटेचं तापमान आणि कल्ल्यांची मिनिटातली हालचाल त्यासोबत लिहा. प्राणवायू टाकीत सगळ्यात कमी असतो तो पहाटे, कारण रात्रभर शैवाल आणि प्रवाळही तो वापरत असतात. किम्बेत जे समुद्रात दिसलं ते टाकीतही घडतं का, हे घरोघरच्या अशा नोंदींतून कळू शकेल.

शेवटचा मुद्दा जोडीचा. उकाड्यात एक मासा मलूल दिसला की त्याला उचलून छोट्या वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत आहे. क्लाऊनफिशच्या जोडीत संसर्ग दिसत नसेल तर हे टाळावं. छोट्या टाकीतलं पाणी मोठ्या टाकीपेक्षा लवकर तापतं, हा एक तोटा. दुसरा त्याहून मोठा. मादी बाजूला गेली आणि काही आठवडे बाहेर राहिली, तर मागे उरलेला नर वाढू लागतो आणि मादी होण्याच्या वाटेला लागतो. एकदा तो बदल झाला की परतीची वाट नाही. मग बरी झालेली मादी परत सोडली की टाकीत दोन माद्या समोरासमोर येतात, आणि त्यातली एक मरेपर्यंत मार खाते. दोघांनाही एकाच पाण्यात ठेवून ते पाणी थंड करणं, हाच खरा उपचार. वेगळं करावंच लागलं तर मधे छिद्रांची पारदर्शक जाळी लावून त्याच टाकीत करावं, म्हणजे दोघांना एकमेकांचा आकार दिसत राहतो.